पैनगंगेवरची फायबरची नाव : जीर्णोद्धार आणि इंजिनरोपण

फायबरच्या जुन्या मासेमारी नावेचा जीर्णोद्धार म्हणजे तिच्यातले कुजलेले काढणे, फुटलेले सांधणे आणि मागे नवे इंजिन बसवणे. पहिली दोन कामे रसायनशास्त्रात मोडतात, तिसरे मानापमानात. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात किंवा पालघरच्या सातपाटीत ही कामे चालू असली तर येणारा-जाणारा वळूनही पाहत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात मात्र नाव उलटी घातली, की कारागीर एक आणि मार्गदर्शक अकरा असे प्रमाण पडते. या अकरांचे म्हणणे आणि पाण्याचे म्हणणे यांत मोठा फरक असतो. जीर्णोद्धाराचे शास्त्र समजून घ्यायचे तर हा फरक प्रत्येक पायरीवर पाहावा लागतो.

झरी जामणी समुद्रापासून दूर आहे, आणि दोन्ही बाजूंनी दूर आहे. अरबी समुद्र सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आसपास, बंगालचा उपसागर पाचशेच्या. राजधानी पश्चिमेला असल्याने तालुक्याचे अर्ज पश्चिमेकडे जातात, पाणी मात्र पूर्वेकडे जाते. तालुक्याच्या दक्षिणेची पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते, वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. म्हणजे इथे सोडलेली नाव, वाटेत बंधारे नसते तर, आंध्रच्या किनाऱ्याला लागली असती. नदीच्या पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. त्यामुळे मधोमध इंजिन बंद पडले तर नाव परराज्यात जाऊ शकते. इंजिन बदलण्याच्या बाजूने मच्छीमार संस्थेच्या सभेत मांडला जाणारा हा पहिला मुद्दा असतो.

फायबर येण्यापूर्वी विदर्भातल्या भोई आणि ढिवर मंडळींकडे लाकडाचा डोंगा होता. डोंगा महाग झाला तेव्हा थर्माकोलचे तुकडे जाळ्याच्या पिशवीत भरून केलेला तराफा आला, आणि ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब आली. पांढरकवड्यावरून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, त्यामुळे ट्यूबचा पुरवठा बेताने का होईना चालू राहिला. ट्रकचेच टायर ट्यूबलेस होऊ लागल्यापासून या आरमारापुढे नवा पेच उभा आहे. ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्याचे अर्धे शरीर पाण्यात असते आणि पूर्ण लक्ष कटला माशावर असते. फायबरची नाव आली, की हे प्रमाण बदलते. माणूस कोरडा राहतो आणि लक्ष नावेकडे जाते.

फायबर म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. काचेचा धागा ताण घेतो, रेझिन धाग्यांना जागेवर धरते; एकटे कोणीच कामाचे नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी १९४२ च्या सुमारास पॉलिएस्टर रेझिन वापरून छोटी शिडाची नाव केली, तेव्हापासून या साहित्याचा नौकाबांधणीतला प्रवेश धरला जातो. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा बंगालच्या उपसागराचा कार्यक्रम मद्रासहून सुरू झाला. लाटांतून थेट वाळूवर चढवता येतील अशा नावांचे नमुने त्यातून तयार झाले. विदर्भाची फायबरशी ओळख मात्र कूलर आणि न्हाणीघराचा दरवाजा यांतून झाली. त्यामुळे नाव फुटल्यावर पहिला सल्ला कूलर दुरुस्त करणाऱ्याकडे जाण्याचा मिळतो. तो अगदीच चुकीचा नसतो. कूलरवाल्याला निदान गळती म्हणजे काय ते माहीत असते.

लाकडी नाव कुजते तेव्हा तसे दिसते. फायबरची नाव कुजत नाही, असे विक्रेता सांगतो, आणि त्याचे बोलणे अर्धे खरे असते. काच आणि रेझिन कुजत नाहीत. पण नावेच्या मागच्या उभ्या फळीत, म्हणजे ज्या फळीला इंजिन टांगायचे त्याच फळीत, फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असते. तळाला ताठपणा देणाऱ्या लांब कण्यांतही लाकूड किंवा फोम असतो. इंजिनाच्या बोल्टची भोके नीट बुजवलेली नसतात. त्यातून पाणी आत जाते, आणि बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या फळीत वर्षानुवर्षे मुरत राहते. शेवटी फायबरची नाव आतल्या लाकडामुळे म्हातारी होते.

म्हणून दुरुस्ती तपासणीने सुरू होते. नाव धुऊन उलटी घालतात आणि प्लास्टिकच्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जातात. वणीच्या बाजारात कलिंगड निवडणाऱ्याला हे तंत्र वेगळे शिकवावे लागत नाही. टणक आवाज आला तर थर एकजीव आहेत, बद्द आला तर थर सुटलेत किंवा आत पाणी आहे. मग मागच्या फळीवर भार देऊन पाहतात. ती वाकली तर प्लायवूडचा लगदा झाला असे समजावे. शेवटी नाव उचलून पाहतात. पूर्वी चौघांना उचलणारी नाव आता सहांना उचलत नसेल, तर आतला फोम पाणी प्यायला आहे. यावर मार्गदर्शकांचे निदान ठरलेले असते : "पोरांत दम नाही राह्यला आता."

तळाच्या खरचट्यांचे कारण भूगर्भात आहे. या पट्ट्यातल्या अतिप्राचीन चुनखडकांना आणि शेल खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘पैनगंगा समूह’ असेच नाव दिले आहे. कोकणातली नाव वाळूवर चढते; इथली नाव उन्हाळ्यात पाणी उतरले, की खडकावर बसते. वरचा रंगीत, गुळगुळीत जेलकोट आधी जातो, मग काचेचे धागे उघडे पडतात आणि वातीसारखे पाणी ओढू लागतात. या जागांवर आधीच्या पिढ्यांनी केलेले उपचार थरांत सापडतात. सर्वांत वर एम-सील, त्याखाली डांबर, त्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना असल्यामुळे एखाद्या थरात सिमेंट निघाले तरी संशोधकाने दचकू नये. यातला प्रत्येक थर लावणाऱ्याने तो कायमचा म्हणून लावलेला असतो.

तपासणीनंतर निर्णय. नाव एकट्याची असेल तर निर्णय घरात होतो आणि तो बहुधा घरधनिणीचा असतो. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेची असेल तर प्रकरण १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली येते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिच्या विषयपत्रिकेत नाव दुरुस्तीचा विषय हिशेबानंतर आणि ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यांच्या आधी असतो. म्हणजे त्याची पाळी येते तेव्हा चहा झालेला असतो. एक सभासद म्हणतो, नवीनच घ्या. दुसरा म्हणतो, आहे तीच चालवा. तिसरा इंजिन किती अश्वशक्तीचे असावे यावर बोलतो, आणि पुढचा वेळ त्यातच जातो. मागच्या फळीतल्या कुजक्या प्लायवूडचा उल्लेख इतिवृत्तात येत नाही, कारण ते कोणाला दिसलेले नसते.

अनुदानाचा विचार इथेच करतात. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्याला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना ६० टक्के मदतीची तरतूद आहे. कोलाम आणि गोंड वस्तीच्या या तालुक्यात दुसरा आकडा महत्त्वाचा. पारंपरिक मच्छीमारांसाठी योजनेत बदली नावा आणि जाळी आहेत. सरकारी योजनांचा ओढा एकूणच नव्या वस्तूकडे असतो. नवी नाव उद्घाटनाला उभी करता येते. जुन्या नावेची मागची फळी बदलल्याचे उद्घाटन कोणी करत नाही, फीत बांधायला जागाही नसते.

दुरुस्तीचा मोसम हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि नावा तेव्हा किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. झरी जामणीत हे वेळापत्रक उपयोगी नाही. पावसाळ्यात पूर येतो आणि तेव्हाच नावेला अचानक मान येतो. जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यातल्याच महागाव तालुक्यातल्या आनंदनगरात लोक पुरात अडकले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाठवण्यात आली होती. अशा दिवसांत फुटकी नावही तालुक्याला आठवते. उन्हाळ्यात नदी आटून डोहांवर येते, नाव रिकामी असते, माणसेही रिकामी असतात, म्हणून काम एप्रिल-मेमध्ये काढण्याकडे कल असतो. रेझिनच्या दृष्टीने यापेक्षा वाईट महिना सापडणे कठीण आहे.

कारण असे. पॉलिएस्टर रेझिन आपोआप घट्ट होत नाही. त्यात आधी कोबाल्टचे जांभळे द्रावण ढवळतात आणि मग हार्डनर घालतात. हार्डनरचे प्रमाण एक ते दोन टक्के, म्हणजे किलोभर रेझिनला दहा ते वीस मिलिलिटर. पंचवीस अंशांच्या हवेत असे मिश्रण पंधरा-वीस मिनिटे कामाला मिळते. यवतमाळच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला, की तेवढ्याच हार्डनरने रेझिन काही मिनिटांत थिजते. ते थिजताना स्वतः उष्णता सोडते, बादलीतली उष्णता बाहेर जात नाही, आणि बादलीतून धूर निघू लागतो. हार्डनर ‘अंदाजानं’ ओतण्याची पद्धत असेल तर कारागिराच्या हाती ब्रश उभा असलेले एक दगडी शिल्प उरते. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. ते जमलेच नाही, तर पहाटे, सावलीत, एका वेळी अर्ध्या किलोच्या आत रेझिन कालवावे, आणि पसरट भांड्यात कालवावे. मार्गदर्शक मंडळी आठ वाजता चहा घेऊन येतात. पहाटेच्या कामाचा हा अवांतर फायदा.

एक सूचना विनोदाच्या बाहेरची आहे. कोबाल्ट आणि हार्डनर ही दोन द्रावणे एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळल्यावरच हार्डनर घालावे. पुसायला लागणारा अ‍ॅसिटोन पेट घेतो, म्हणून परिसरात बिडी पूर्ण बंद. या एका नियमाने मार्गदर्शकांची संख्या निम्म्यावर येते.

जुना रंग आणि जेलकोट घासून काढणे हे कामातले सर्वांत कंटाळवाणे प्रकरण. ग्राइंडरने उडणारी भुकटी म्हणजे बारीक काच. ती मास्क नसल्यास छातीत जाते आणि बाह्या उघड्या असल्यास कातडीत. खाज दोन दिवस टिकते. गार पाण्याने धुतल्यास ती कमी होते, गरम पाण्याने छिद्रे उघडून ती स्थिरावते. हा नियम कारागिराला माहीत असतो. त्याच्या घरच्यांना तो माहीत नसतो, आणि थकून आलेल्या माणसापुढे कढत पाण्याची बादली प्रेमाने ठेवली जाते. घासकामाचे कपडे घरातल्या धुण्यात टाकू नयेत. एकाच्या कपड्यांतली काच सगळ्या घराला पुरते.

भोक किंवा चीर सांधताना कडा उभ्या ठेवत नाहीत, उतरत्या करतात. जाडीच्या बारा पट उतार हे धरून चालण्याचे माप : पाच मिलिमीटर जाडीला सहा सेंटीमीटर. त्यामुळे बोटाएवढे भोक दुरुस्तीच्या पहिल्या तासात परातीएवढे होते. नावेच्या मालकाला या टप्प्यावर जागेवर थांबू देऊ नये. मग अ‍ॅसिटोनने पुसून काचेच्या चटईचे तुकडे लहानाकडून मोठ्याकडे किंवा मोठ्याकडून लहानाकडे बसवतात. यावर कारागिरांत दोन घराणी आहेत आणि दोन्ही घराण्यांच्या नावा तरंगतात. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चटई सर्वसाधारण चालते. तिला वजनाच्या दुपटीहून थोडे जास्त रेझिन लागते. विणलेल्या जाड कापडाला त्याच्या वजनाइतके पुरते. रेझिन जास्त झाले तर भाग मजबूत होईल असे वाटते, होतो मात्र ठिसूळ. खरी ताकद काचेत असते, आणि रोलर फिरवून आतली हवा काढण्यात असते. एक बुडबुडा राहिला तर पुढच्या वर्षी तोच फोड होऊन वर येतो.

मागची फळी बदलणे हा शस्त्रक्रियेचा मुख्य भाग. आतल्या बाजूचा फायबरचा थर कापून काढतात, लगदा खरवडतात, आणि पुठ्ठ्याचा साचा घेऊन नवे प्लायवूड कापतात. दुकानात ‘वॉटरप्रूफ’ मागितल्यास स्वयंपाकघराच्या ट्रॉलीसाठीचे प्लायवूड मिळते. ते ओल्या फडक्यापर्यंतच वॉटरप्रूफ असते. नावेसाठी आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय मागावे. दुकानदार विचारतो, "कायले पाह्यजे भाऊ?" उत्तर ‘नावेसाठी’ असे दिल्यास पुढचा अर्धा तास नावेबद्दल बोलण्यात जातो. ‘खिडकीसाठी’ म्हटल्यास माल लगेच मिळतो. फळीच्या सगळ्या कडा रेझिनने बंद करतात, मग ती रेझिन आणि भुकटीच्या लापशीत दाबून बसवतात आणि वरून काचेचे थर चढवतात. इंजिनाच्या बोल्टची भोके आधी मोठी पाडून लापशीने भरावीत आणि मग त्यात योग्य मापाचे भोक पाडावे. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. आधीची फळी ज्या कारणाने कुजली ते कारण एवढेच होते.

नाव भरली तरी बुडू नये म्हणून आसनांखाली तरंगणारे साहित्य कोंबतात. इथे थर्माकोलच्या तराफ्याची परंपरा आड येते. जुन्या तराफ्यातले थर्माकोल फुकट पडलेले असते, म्हणून ते आत घालून वरून रेझिनचा थर देण्याचा विचार सर्वांना एकाच वेळी सुचतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असते आणि स्टायरिनमध्ये थर्माकोल विरघळते. संध्याकाळी घट्ट भरलेला कप्पा सकाळी पोकळ असतो, आणि तळाशी चिकट काहीतरी असते. मार्गदर्शक याला चोरी समजतात. उपाय दोन : पॉलियुरेथेन फोम वापरावा किंवा झाकण घट्ट लावलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या भराव्यात. तालुक्यात लग्नसराईनंतर दुसऱ्या उपायाचा साठा भरपूर असतो.

रंगाचा विषय इथे थोडक्यात उरकावा, कारण प्रत्यक्षात तो थोडक्यात उरकत नाही. निळा की हिरवा, नाव देवाचे की नातीचे, यावर मागच्या फळीपेक्षा जास्त वेळ जातो. शास्त्रापुरते सांगायचे तर फिकट रंग ऊन कमी शोषतो, आणि जेलकोटचा सर्वांत मोठा शत्रू पाण्यापेक्षा ऊन आहे.

आता इंजिन. विदर्भाला अश्वशक्ती कृषिपंपामुळे माहीत आहे. तीन, पाच आणि साडेसात ही मापे शाळकरी पोरालाही पाठ असतात. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. पाच अश्वशक्तीचा पंप विहिरीतून पाणी काढून एकरभर कपाशी भिजवतो, तेव्हा त्याचे कौतुक होते. तेच पाच अश्वशक्तीचे इंजिन नावेला सुचवले, की सभेत हशा पिकतो. शेजारच्या संस्थेकडे जेवढ्याचे आहे त्यापेक्षा मोठे हवे, हे माप सर्वमान्य असते. शेजारची संस्थाही तेच माप वापरते.

पाण्याचे माप वेगळे आहे. पाणी कापत चालणाऱ्या नावेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. पाणरेषेची लांबी फुटांत घ्यावी, वर्गमूळ काढावे, १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये येते. सोळा फुटांचे वर्गमूळ चार, म्हणून वेग सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. त्यापुढे नाव स्वतःच उठवलेल्या लाटेच्या दोन उंचवट्यांमध्ये अडकते, आणि वाढीव अश्वशक्ती लाट मोठी करण्यात खर्च होते. विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये टॉर्कीजवळ १८७० च्या दशकात टाकी बांधून मेणाच्या छोट्या नावा ओढून या लाटांचा अभ्यास केला. त्या टाकीत जे खरे ठरले ते पैनगंगेतही खरे आहे; पाण्याला जिल्हा कळत नाही. अशा नावेला भरल्या वजनाच्या टनामागे चार-पाच अश्वशक्ती साधारण पुरते. वेग थोडा कमी ठेवला तर इंधन पुष्कळ वाचते, कारण शेवटचा एक नॉट सर्वांत महाग असतो.

सपाट तळाची हलकी नाव मोठ्या इंजिनाने पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावू शकते, हे खरे आहे. मोठ्या इंजिनाचे पुरस्कर्ते हाच दाखला देतात. अट एवढीच, की नाव हलकी असावी. जाळी, बर्फाची पेटी, जेवणाचे डबे, चार मच्छीमार आणि ‘नुसतं पाहाले’ आलेले दोन पाहुणे एवढे सामान घेऊन कोणतीही नाव उचलली जात नाही. मग चाळीस अश्वशक्तीचे इंजिन पाच अश्वशक्तीच्याच वेगाने जाते, फक्त आवाज चाळिसाचा येतो. सभेला तेवढ्याने समाधान वाटत असेल तर शास्त्राची हरकत नाही.

पर्याय चार आहेत. पहिला, मागे टांगायचे पेट्रोलचे आउटबोर्ड. दोन-स्ट्रोक जुने असेल तर पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, सहसा पन्नासास एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर. लुनावर हात बसलेले फिटर तालुक्यात अजून असल्याने या इंजिनाची भीती कोणाला वाटत नाही. तेल मात्र पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे वेगळे असते. लुनाचे चालत नाही. चार-स्ट्रोक इंजिन पेट्रोल कमी पिते, पण जड आणि महाग. दुसरा, लांब दांड्याचे इंजिन : हवेने थंड होणारे छोटे डिझेल किंवा पेट्रोल इंजिन फळीवर फिरत्या खुंटीवर बसवतात, आणि लांब दांड्याच्या टोकाला पंखा असतो. थायलंडच्या कालव्यांत ही रीत प्रसिद्ध आहे आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही ती चालते. खडक किंवा जलपर्णी आली, की दांडा उचलायचा. उथळ, खडकाळ पैनगंगेला हा पर्याय सर्वांत सोयीचा. दिसायला मात्र तो आउटबोर्डाच्या तोलाचा नसल्याने सभेत मागे पडतो. तिसरा, बॅटरीवरची मोटार : आवाज नाही, धूर नाही, आणि छोट्या तलावाला पुरते; आवाज नसल्याने इंजिन बसवल्याचे गावाला कळत नाही, ही तिची अडचण. चौथा, शेतातले पंपाचे इंजिन उचलून नावेत ठेवणे. त्याला ना मागे जाणे माहीत, ना थांबून चालू राहणे. शिवाय ओलिताचे दिवस आले, की शेतमालक ते परत मागतो.

आउटबोर्ड घेताना दांड्याची लांबी आधी मोजावी. आखूड दांडा पंधरा इंचांच्या फळीला, लांब दांडा वीस इंचांच्या. किनाऱ्यावरून जुने इंजिन स्वस्तात आणले आणि दांडा लांब निघाला तर पंखा खडक मोजत जातो. आखूड निघाला तर तो हवा ओढतो, आणि इंजिन किंचाळत असताना नाव जागेवर उभी राहते. पंख्यावरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यावी. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात कापायचे अंतर, एका इंचाने बदलला तर मिनिटाचे फेरे साधारण दीडशे-दोनशेने बदलतात. भरल्या नावेत पूर्ण रेस दिल्यावर इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचले, तर पंखा बरोबर आहे.

इंजिन आले, की ते जमिनीवरच चालू करून दाखवण्याची मागणी होते : "आवाज तं आयकू दे!" ही मागणी मान्य करू नये. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात रबरी पाकळ्यांचा छोटा पंप असतो. कोरडा फिरला तर त्या पाकळ्या काही सेकंदांत जळू लागतात. पाण्याने भरलेल्या ड्रममध्ये दांडा बुडवून मगच चालू करावे आणि मागून पाण्याची धार पडते का ते पाहावे. धार बंद म्हणजे इंजिन बंद. गढूळ पाण्यातला गाळ या पाकळ्या झिजवतो, म्हणून पूर ओसरल्यानंतरच्या दिवसांत धारेकडे जास्त लक्ष द्यावे.

इंजिन बसले, की नाव कायद्याच्या नजरेत बदलते. १९१७ चा कायदा मोडीत काढून आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे यांत्रिक जलयानाला नोंदणी आणि तपासणीची चौकट लागते. वल्ह्याने चालणाऱ्या नावेला कोणी काही विचारत नव्हते, हे आठवून सभासद हळहळतात. नावेचा नंबर रंगवावा लागतो. आधी रंगावर झालेली चर्चा मग पुन्हा होते.

चाचणी दोन टप्प्यांत घ्यावी. पहिल्या टप्प्यात नाव जमिनीवरच ठेवून तिच्यात पाणी भरतात; गळती बाहेरून दिसते. नावेत पाणी ओततानाचे हे दृश्य नवख्यांना समजत नाही आणि गावात चुकीची बातमी पसरते. दुसऱ्या टप्प्यात नारळ फुटतो आणि नाव पाण्यात जाते. नारळ खडकावर फोडावा, नव्या जेलकोटवर नव्हे. पहिल्या फेरीला दोनच माणसे आणि दोन लाइफ जॅकेटे असावीत. काठावरचे सगळे बसायला निघतात. त्यांना नावेची क्षमता वजनात मोजतात, नात्यात नव्हे, हे सांगण्याची जबाबदारी सर्वांत वयस्कर सभासदावर टाकावी. त्यांचे तरी ऐकले जाते.

दुरुस्त नावेची देखभाल साधी आहे. वापर नसताना ती सावलीत उलटी ठेवावी. दरवर्षी हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. नवे भोक पाडले तर त्याच दिवशी बंद करावे. इंजिनाचे पेट्रोल महिनोनमहिने टाकीत राहू देऊ नये, आणि पंपाच्या रबरी पाकळ्या ठरलेल्या मुदतीत बदलाव्यात. सर्वांत शेवटी मागच्या फळीच्या तळाचे पाणी काढायचे बूच. नाव काठावर असताना ते काढून ठेवतात आणि पाण्यात उतरवताना लावायला विसरतात. म्हणून ते इंजिन ओढून चालू करण्याच्या दोरीच्या मुठीला बांधून ठेवावे. इंजिन चालू करायला कोणी विसरत नाही.